पन्नास वर्षांची मोजदाद : अमेरिकेतील लोकप्रतिनिधी स्त्रियांच्या एका माहितीसेवेचे परीक्षण

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला न्यू जर्सीतील माझ्या एका मैत्रिणीने आपल्या टाउनशिपच्या (छोट्या नगराच्या) स्कूल बोर्डाची, म्हणजे तिथल्या सार्वजनिक शाळांचा कारभार पाहणाऱ्या मंडळाची, निवडणूक लढवावी की नाही, याचा विचार सुरू केला. या राज्यात स्कूल बोर्डाचे सदस्यत्व तीन वर्षांचे आणि बिनपगारी असते, मतपत्रिकेवर पक्षाचे नाव नसते आणि नोव्हेंबरच्या निवडणुकीसाठी अर्ज जुलैच्या अखेरीस भरावा लागतो. तिच्या हाती जेमतेम दोन महिने होते. तिने मला पहिला प्रश्न विचारला तो असा : ‘‘अगं, आपल्याकडची एखादी बाई इथे कुठे निवडून आलेली आहे का?’’ मला एकदोन नावे आठवत होती, परंतु एवढ्या गंभीर निर्णयाला आठवणीचा आधार पुरेसा नाही असे वाटून मी रटगर्स विद्यापीठातील ‘सेंटर फॉर अमेरिकन विमेन अँड पॉलिटिक्स’ या केंद्राची माहितीसेवा उघडली. तेव्हापासून मी ती नियमितपणे वापरत आले आहे आणि हे परीक्षण त्याच वापरातून लिहिले आहे.

हे केंद्र १९७१ साली न्यू ब्रन्झविक येथे, विद्यापीठाच्या ईगल्टन राज्यशास्त्र संस्थेचा एक भाग म्हणून सुरू झाले. रूथ मँडेल यांनी सुरुवातीची दोन दशके त्याची धुरा वाहिली. १९७१ मध्ये देशभरच्या राज्य विधिमंडळांत मिळून ३४४ स्त्रिया होत्या, म्हणजे शंभर सदस्यांमागे पाचही नव्हत्या. १९९३ साली हे प्रमाण वीस टक्क्यांच्या थोडे वर गेले आणि आज ते एक तृतीयांशाच्या आसपास आहे. हे आकडे आज सहज उद्धृत केले जातात, परंतु पन्नास राज्ये, सात हजार तीनशेहून अधिक आमदार, मध्येच होणारे राजीनामे, नेमणुका आणि पोटनिवडणुका या सगळ्यांतून दर वर्षी अचूक संख्या काढणे हे चिकाटीचे काम आहे. केंद्राने ते पाच दशके अखंड केले, ही या सेवेची पहिली आणि माझ्या मते सर्वांत मोठी गुणवत्ता आहे.

सेवेचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात राज्यवार आणि पदवार माहितीपत्रके आहेत, ज्यांत सध्या कोणत्या राज्यात किती स्त्रिया कोणत्या पदावर आहेत हे एका नजरेत समजते. दुसरा भाग म्हणजे नावानिशी शोध घेता येईल असा मोठा संग्रह. काँग्रेस (म्हणजे देशाची संसद), राज्यस्तरीय कार्यकारी पदे आणि राज्य विधिमंडळे या तीन पातळ्यांवर १८९३ पासून आजपर्यंत आलेल्या स्त्रिया त्यात वर्ष, राज्य, पक्ष, पद आणि वंश यांनुसार चाळून काढता येतात. दोन्ही भाग विनामूल्य आहेत.

संग्रहाची सुरुवात १८९३ पासूनच का, हे मला आधी कळले नव्हते. त्या वर्षी नॉर्थ डकोटामध्ये लॉरा आयसेनहुथ यांनी राज्याच्या शिक्षण अधीक्षक म्हणून पदभार घेतला आणि राज्यस्तरीय कार्यकारी पदावर निवडून आलेल्या त्या अमेरिकेतील पहिल्या स्त्री ठरल्या. पुढच्याच वर्षी कोलोरॅडोच्या विधिमंडळावर क्लारा क्रेसिंगहॅम, कॅरी हॉली आणि फ्रान्सिस क्लॉक या तिघी निवडून आल्या. १८९६ मध्ये युटात डॉक्टर मार्था ह्यूज कॅनन या देशातील पहिल्या स्त्री राज्य सिनेटर (राज्याच्या वरिष्ठ सभागृहाच्या सदस्य) झाल्या, आणि ज्यांना मागे टाकून त्या निवडून आल्या त्या उमेदवारांत त्यांचे पतीही होते. देशभर स्त्रियांना मताधिकार देणारी घटनादुरुस्ती १९२० सालची, म्हणजे ही नावे तिच्या सुमारे पंचवीस वर्षे आधीची आहेत. पश्चिमेकडील राज्यांनी स्त्रियांना मत आधी दिले आणि म्हणून प्रतिनिधीही आधी पाठवल्या, हा क्रम येथे वर्षांच्या रकान्यावरून बोट फिरवतानाच ध्यानात येतो.

गव्हर्नरांची, म्हणजे राज्याच्या निवडून आलेल्या कारभारप्रमुखांची, यादी मी सर्वांत जास्त वेळ वाचली. १९२५ च्या जानेवारीत वायोमिंगमध्ये नेली टेलो रॉस यांनी शपथ घेतली आणि पंधरा दिवसांनी टेक्सासमध्ये मिरियम फर्ग्युसन यांनी. रॉस यांचे पती गव्हर्नरपदावर असतानाच वारले होते, तर फर्ग्युसन यांच्या पतीला महाभियोगाने हटवून पुन्हा निवडणूक लढवण्यास मनाई करण्यात आली होती. १९६७ साली अलाबामात पदावर आलेल्या लर्लीन वॉलेस याही, सलग दुसऱ्यांदा उभे राहता न आलेल्या पतीच्या जागी उभ्या होत्या. माजी गव्हर्नरची पत्नी किंवा विधवा असे नाते मागे नसलेली पहिली स्त्री गव्हर्नर व्हायला १९७५ साल उजाडले. त्या कनेक्टिकटच्या एला ग्रासो, आणि राज्य विधिमंडळापासून काँग्रेसपर्यंतचा अनुभव घेऊनच त्या तिथे पोहोचल्या होत्या. ज्यांनी आपल्याकडे ‘सरपंचपती’ हा शब्द ऐकला आहे, त्यांना या यादीचा पहिला अर्धशतकाचा भाग परका वाटणार नाही. आमच्या न्यू जर्सीत १९९४ मध्ये क्रिस्टीन टॉड व्हिटमन गव्हर्नर झाल्या आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये मिकी शेरिल निवडून आल्या. त्याच दिवशी व्हर्जिनियाने ॲबिगेल स्पॅनबर्गर यांच्या रूपाने आपली पहिली स्त्री गव्हर्नर निवडली आणि हैदराबादेत जन्मलेल्या गझाला हाशमी यांना लेफ्टनंट गव्हर्नरपदी बसवले.

राज्यवार तुलना ही या सेवेची सर्वांत उपयुक्त बाजू आहे, कारण ती मनातील सोपी स्पष्टीकरणे एकामागून एक मोडून काढते. नेव्हाडाचे विधिमंडळ ६३ सदस्यांचे आहे. २०१९ साली त्यात ३२ स्त्रिया होत्या आणि स्त्रियांचे बहुमत असलेले ते देशातील पहिले विधिमंडळ ठरले, ते बहुमत पुढे वाढतही गेले. दुसऱ्या टोकाला १३४ सदस्यांचे वेस्ट व्हर्जिनिया आहे, जिथे अलीकडच्या वर्षांत आठ-नऊ सदस्यांमागे एक स्त्री दिसते. गंमत नव्हे, वेदना अशी की याच वेस्ट व्हर्जिनियात १९२८ साली मिनी बकिंगहॅम हार्पर यांची दिवंगत पतीच्या जागी नेमणूक झाली होती आणि अमेरिकेतील कोणत्याही राज्य विधिमंडळात बसलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री होत्या. आरंभ लवकर झाला म्हणून वाटचाल पुढे सरकतेच असे नाही.

या फरकाचे कारण काय असावे? माझा पहिला तर्क पगाराचा होता. मानधन तुटपुंजे असेल तर घर चालवणारी, लहान मुले असलेली, नोकरी सोडू न शकणारी स्त्री विधिमंडळात कशी जाणार? परंतु माहिती समोर ठेवल्यावर तर्क टिकला नाही. न्यू हॅम्पशरमध्ये आमदाराला वर्षाला १०० डॉलर मिळतात, तरीही २००९ मध्ये त्या राज्याच्या सिनेटमध्ये २४ पैकी १३ स्त्रिया होत्या आणि स्त्रियांचे बहुमत असलेले ते देशातील पहिले सभागृह ठरले. न्यू मेक्सिकोत आमदारांना पगारच नाही, केवळ दैनिक भत्ता आहे, आणि २०२४ च्या निवडणुकीनंतर तिथे ११२ पैकी ६० जागांवर स्त्रिया बसल्या. पगार महत्त्वाचा नाही असा अर्थ मी यातून काढत नाही. बिनपगारी पदावर कोणत्या वयाची, कोणत्या परिस्थितीतील स्त्री जाऊ शकते हा प्रश्न उरतोच, आणि निवृत्त किंवा सुस्थितीतील स्त्रीला जे जमते ते तान्ह्या बाळाच्या आईला जमत नाही. न्यूयॉर्कमधील लिउबा ग्रेचेन शर्ली यांनी मुले सांभाळण्याचा खर्च प्रचारनिधीतून करण्याची परवानगी मागितली आणि केंद्रीय निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये ती दिली. त्यानंतर अनेक राज्यांनी आपल्या पातळीवरील उमेदवारांसाठी तशीच सोय केली, ती याच अडचणीमुळे. केंद्राची माहितीपत्रके स्त्रिया किती आहेत हे उत्तम सांगतात. त्या कोणत्या घरांतून आल्या आणि कोणत्या घरांतून येऊच शकल्या नाहीत, हे आकड्यांच्या पलीकडे राहते.

पक्षाचा रकाना पाहिला की आणखी एक गोष्ट समोर येते. राज्य विधिमंडळांतील स्त्रियांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश डेमोक्रॅटिक पक्षाच्या आहेत. त्या पक्षाच्या आमदारांत स्त्रिया जवळपास निम्म्या, तर रिपब्लिकन आमदारांत सुमारे एक पंचमांश आहेत. एकूण टक्केवारी वाचणाऱ्याला ‘स्त्रिया पुढे सरकत आहेत’ एवढेच कळते, तर पक्षवार वाचणाऱ्याला कळते की ती वाढ एकाच बाजूने अधिक झाली आहे आणि जिथे दुसरा पक्ष बळकट आहे तिथे ती अडते. साउथ कॅरोलायनाचे उदाहरण मला फार अस्वस्थ करून गेले. तेथील ४६ सदस्यांच्या सिनेटमध्ये २०२३ साली पाच स्त्रिया होत्या, त्यांत तीन रिपब्लिकन, एक डेमोक्रॅट आणि एक अपक्ष. गर्भपातावर जवळजवळ संपूर्ण बंदी घालणारे विधेयक या पाचही जणींनी पक्षभेद बाजूला ठेवून, तासन्‌तास भाषणे करून रोखून धरले. पुढच्या वर्षी सँडी सेन, पेनरी गस्टाफसन आणि कॅटरिना शीली या तिन्ही रिपब्लिकन सिनेटर आपल्याच पक्षाच्या प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत) पराभूत झाल्या. माहितीपत्रकात ही घटना केवळ संख्या घटल्याच्या रूपाने उतरते. ज्याला त्या घटीमागचे कारण हवे असेल त्याने आकड्यावर न थांबता त्या वर्षीच्या बातम्याही वाचाव्यात, अशी माझी कळकळीची सूचना आहे.

आकड्यांमागचे कारण शोधताना न्यू जर्सीच्या रहिवाशांना आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते. आमच्या राज्यात अनेक दशके प्रायमरीच्या मतपत्रिकेवर ‘कौंटी लाइन’ नावाची पद्धत होती. कौंटीतील (जिल्ह्यासारख्या विभागातील) पक्षसंघटनेने पसंत केलेले सर्व उमेदवार, वरपासून खालपर्यंत, एका सलग रांगेत छापले जात आणि बाकीचे कडेला कुठेतरी विखुरलेले असत. मतदाराची नजर साहजिकच रांगेवर जाई. त्यामुळे उमेदवारी ठरवण्याची खरी सत्ता मतदारांपेक्षा कौंटी पक्षाध्यक्षांच्या हाती राही आणि त्या खुर्च्यांवर बहुतेक पुरुष असत. जिला वर कोणी ओळखत नाही, अशा स्त्रीने कितीही दारे ठोठावली तरी मतपत्रिकेची मांडणीच तिच्या विरोधात असे. मार्च २०२४ मध्ये केंद्रीय न्यायालयाने डेमोक्रॅटिक प्रायमरीत ही मांडणी वापरण्यास मनाई केली आणि पुढे राज्याने कायदा बदलून ती मोडीत काढली. राजकारणात स्त्रिया कमी का, याचे उत्तर स्त्रियांच्या महत्त्वाकांक्षेत शोधण्याची सवय सर्वत्र आहे. कागदाच्या एका तुकड्यावरील रांगेत ते दडलेले असू शकते, हे मला न्यू जर्सीने शिकवले.

आता मैत्रिणीच्या प्रश्नाकडे येते. आयोवा राज्य निवडून यादी काढली की स्वाती दांडेकर हे नाव मिळते. नागपुरात जन्मलेल्या दांडेकर २००२ मध्ये आयोवाच्या कनिष्ठ सभागृहावर निवडून आल्या आणि अमेरिकेतील राज्य विधिमंडळात पोहोचलेल्या सुरुवातीच्या भारतीय वंशाच्या स्त्रियांपैकी एक ठरल्या. २००९ पासून त्या राज्य सिनेटमध्ये होत्या. मैत्रिणीला मी हे सांगितले तेव्हा तिचा पुढचा प्रश्न होता, ‘‘पण त्या सुरुवातीला कुठून आल्या?’’ उत्तर तिच्याच निर्णयाशी जोडलेले होते. विधिमंडळात जाण्यापूर्वी १९९६ ते २००२ या काळात दांडेकर मॅरियन गावाजवळच्या लिन-मार शाळा जिल्ह्याच्या स्कूल बोर्डावर होत्या. ही सहा वर्षे मात्र मला अन्य ठिकाणाहून शोधावी लागली, कारण स्कूल बोर्ड या मोजणीच्या कक्षेतच येत नाहीत.

येथे या सेवेची मर्यादा स्पष्ट होते. राज्य पातळीवर ती जेवढी परिपूर्ण आहे तेवढी स्थानिक पातळीवर नाही. शहरांची माहिती दहा हजारांहून अधिक लोकवस्तीच्या गावांपुरती दिली जाते. अमेरिकेत कौंट्या, नगरपालिका, टाउनशिप, शाळा जिल्हे आणि पाणी, अग्निशमन यांसारख्या कामांचे विशेष जिल्हे मिळून स्थानिक शासनाची सुमारे नव्वद हजार एकके आहेत आणि देशातील निवडून आलेल्या लोकांपैकी बहुसंख्य तिथेच आहेत. एवढे सगळे एका विद्यापीठीय केंद्राने मोजावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल, आणि केंद्र आपली कक्षा लपवत नाही. तरीही वापरणाऱ्याने हे ध्यानात ठेवले पाहिजे की शिडीची सर्वांत खालची पायरी, जिथून बहुतेक स्त्रिया चढायला सुरुवात करतात, तीच येथे अंधारात आहे.

इतिहासही हेच सांगतो. कॅन्ससमधील आर्गोनिया या काही शेकडा वस्तीच्या गावात १८८७ मध्ये सुझना सॉल्टर निवडून आल्या आणि अमेरिकेतील पहिल्या स्त्री महापौर झाल्या. कॅन्ससने त्याच वर्षी स्त्रियांना नगरपालिका निवडणुकीत मत दिले होते. दारूबंदीवाल्या स्त्रियांची खोड मोडावी म्हणून काही पुरुषांनी त्यांना न विचारताच त्यांचे नाव मतपत्रिकेवर घातले. निवडणुकीच्या सकाळी त्यांना ते कळले, त्यांनी पद स्वीकारण्याची तयारी दाखवली आणि सुमारे दोन तृतीयांश मते मिळवून वर्षभर कारभार केला. वायोमिंगमधील जॅक्सन या खेड्यात १९२० साली संपूर्ण नगरपरिषदच स्त्रियांची निवडून आली. ग्रेस मिलर महापौर झाल्या आणि रोझ क्रॅबट्री यांनी तर स्वतःच्या पतीचा पराभव केला. त्या परिषदेने थकलेले कर वसूल केले, रस्ते दुरुस्त केले आणि स्मशानभूमीची व्यवस्था लावली. दहा हजारांची अट त्या काळी असती, तर ही दोन्ही गावे मोजणीतून सुटली असती. मिनेसोटातील सेंट पॉल हे मोठे शहर असल्यामुळे जानेवारी २०२४ मध्ये तेथील सातही नगरसेवक स्त्रिया असल्याची बातमी देशभर झाली. तसे एखादे आर्गोनिया आज कुठे असेल तर ते आपल्याला बहुधा कळणारही नाही.

वंशाच्या रकान्याबद्दल थोडे लिहिणे आवश्यक आहे. लोकप्रतिनिधी स्वतःची जी ओळख सांगते तिची नोंद घेण्याची पद्धत मला योग्य वाटते. मात्र ‘आशियाई अमेरिकी आणि पॅसिफिक बेटांवरील’ हा एकच मोठा गट असल्याने हवाईत जन्मलेल्या जपानी वंशाच्या पॅट्सी मिंक, ज्यांनी १९५० च्या दशकात तेथील प्रादेशिक विधिमंडळातून सुरुवात केली, आणि नागपूरच्या स्वाती दांडेकर एकाच खणात येतात. दक्षिण आशियाई स्त्रियांचा वेगळा आलेख हवा असेल तर नावे पाहून स्वतःच निवड करावी लागते, आणि नावावरून वंश ठरवणे हे किती फसवे आहे हे सर्वांना ठाऊक आहे. पुण्यात जन्मलेल्या आणि मुंबईत वाढलेल्या क्षमा सावंत २०१४ ते २०२३ या काळात सिॲटलच्या नगरपरिषदेत होत्या. त्यांच्या प्रस्तावामुळे फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदावर बंदी घालणारे सिॲटल हे अमेरिकेतील पहिले शहर ठरले. अशा नगरसेविकांचा इतिहास राज्य विधिमंडळांइतक्या तपशिलाने एकत्र मिळावा, ही माझी या केंद्राकडून पुढच्या काळासाठी अपेक्षा आहे.

माझी मावशी सांगली जिल्ह्यातील आपल्या गावात राखीव जागेवर निवडून आली होती. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, त्यामुळे तिथे प्रश्न ‘बाई येईल का’ असा नसतो, ‘आलेल्या बाईला कारभार करू देतील का’ असा असतो. अमेरिकेत राखीव जागाच नाहीत, सोडत नाही, फिरते आरक्षण नाही. प्रत्येक जागेसाठी कोणीतरी एका स्त्रीला उभे राहण्यास सांगावे लागते किंवा तिने स्वतः ठरवावे लागते. अशा व्यवस्थेत मोजणीला वेगळे वजन येते, कारण कायदा जे करत नाही त्याची आठवण निदान आकडे करून देतात. हे केंद्र उमेदवार होऊ इच्छिणाऱ्या स्त्रियांसाठी ‘रेडी टू रन’ हे पक्षनिरपेक्ष प्रशिक्षणही चालवते, परंतु ते स्वतंत्र परीक्षणाचा विषय आहे.

विद्यार्थी, पत्रकार आणि मराठी मंडळांत या विषयावर बोलू इच्छिणाऱ्या कोणालाही ही सेवा मी निःशंकपणे सुचवेन. एखाद्या राज्यातील नुसती टक्केवारी न घेता मागच्या वीस वर्षांची रांग काढावी, पक्ष वेगळे करून पाहावेत आणि स्थानिक पदांसाठी आपल्या गावच्या दप्तराकडेच जावे.

आम्ही तेच केले. टाउनशिपच्या स्कूल बोर्डाच्या सभांची जुनी इतिवृत्ते सर्वांना पाहण्यासाठी खुली असतात. ती काढून, केंद्राच्याच पद्धतीने नाव, वर्ष, मुदत आणि पद असे रकाने आखून, मैत्रिणीने आणि मी बोर्डावर आजवर बसलेल्या स्त्रियांची यादी शनिवारी-रविवारी बसून तयार केली. गेल्या जुलैत तिने अर्ज भरला नाही. आधी वर्षभर बोर्डाच्या प्रत्येक सभेला जाऊन मागच्या खुर्चीवर बसायचे, अंदाजपत्रक कसे मंजूर होते ते समजून घ्यायचे, असे तिने ठरवले आणि तसे ती करते आहे. यंदाच्या जुलैसाठी तिच्या अर्जावरील सह्या गोळा होऊ लागल्या आहेत, आणि यादीची एक प्रत आम्ही टाउनशिपच्या वाचनालयात ठेवायला दिली आहे.